लाभ, दोन, तीन

मानवतच्या मोंढ्यात माझे वडील मापाडी होते.
पहिल्या मापाला ते एक म्हणत नसत, लाभ म्हणत.
लाभ, दोन, तीन, चार,
पायली उपडी होत जायची, आवाज एका सुरात.
मी ज्या मशिनीशी बोलतो ती शून्यापासून मोजते.
हे त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले,
शून्य माप कोण विकत घेतं रे?

मी जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो.
काचेची खोली, एक पंखा, एक जुना कॉम्प्युटर,
त्यात उघड्या कोडची फुकट सिस्टीम
कुणीतरी, म्हणजे हजारेक जणांनी लिहिलेली.
दुपारी व्होल्टेज एकशे साठवर यायचं
आणि काट्याकडून येताना शेवटचा आकडा गळायचा.
चौतीसशे वीस किलो कापूस
पडद्यावर तीनशे बेचाळीस.
रांगेतून आवाज यायचा:
काटा मारतो का रे मुंजाजी?

दोन रात्री लागल्या. बारा ओळी.
त्यातली एक, आकडा तुटला तर इशारा देणारी,
इंग्रजीत, आणि तिच्यात माझं स्पेलिंग चुकलं,
ई आधी की आय आधी, शाळेपासूनचा घोळ.
जिथून सिस्टीम आली तिथं बाराही पाठवल्या.
नॉर्वेच्या कुण्या रिटायर माणसानं त्या तीनदा परत केल्या:
सहाव्या ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा जास्त आहे.
मोंढ्यातसुद्धा इतकी बारीक चाळण कुणी लावत नाही.
स्पेलिंग मात्र त्यालाही दिसलं नाही.

चौथ्यांदा घेतल्या. पैसे नाहीत, हारतुरे नाहीत.
पुढं चिली देशातल्या एका बाईनं कळवलं,
बंदरावर मासळी जोखतात तुमच्या ओळींनी.
आमच्याकडं मासा गोदावरीचा, तोही बाजाराच्या दिवशी.

मग मालकानं नवी पेटी आणली,
हैदराबादच्या कंपनीची, निळी, सीलबंद,
आतलं बघायचं नाही असा करार.
दुपारी व्होल्टेज पडलं,
पडद्यावर इशारा आला
आणि त्यात आय-ईचा तोच घोळ, जसाच्या तसा.
जत्रेत आपल्या लेकराचा खोकला ओळखू यावा, तसं झालं.

या कोडचा नियम साधा आहे:
घ्या, बदला, विका, नफा कमवा,
फक्त ज्याला पेटी विकली त्याला आतलं दाखवा.
म्हणजे काटा मारू नका.
मी मराठीत चिडलो आणि इंग्रजीत पत्र लिहिलं.
पहिलं उत्तर वकिलाचं.
दुसरं महिन्यानं, लावण्या गुंडेटी नावाच्या इंजिनिअरचं:
हे आम्ही कधीच द्यायला हवं होतं,
वरच्यांशी भांडण्यात वेळ गेला.
सोबत अठ्ठावीस दुरुस्त्या.

काय सांगू, पोरीनं काम केलं होतं.
वाऱ्यानं काटा थरथरायचा, तो स्थिर केला.
दोन ट्रॅक्टर लागोपाठ चढले की होणारा गोंधळ काढला.
माझ्या बारांपैकी चार ओळी तिला लागल्याच नाहीत,
खोडल्या. बरोबरच होतं.
मी प्रत्येक ओळीचं शेपूट तपासलं,
दोन ठिकाणी रिकामी जागा निघाली,
परत पाठवलं. (नॉर्वेवाला हसला असणार.)

अठ्ठाविसावी दुरुस्ती: स्पेलिंग.
एक अक्षर इकडचं तिकडं.
ती मी आठ दिवस तशीच ठेवली.
यादीत नाव राहील, हे खरं. पण उद्या
आणखी कुणी निळी पेटी आणली
तर कशावरून म्हणणार, ही आपली?

वडिलांना आता कमी दिसतं. त्यांना विचारलं,
तुम्ही मापलेलं पुढं कुठं जायचं?
कुठं म्हणजे? ते वैतागले,
पोतं शिवलं की दुसऱ्याकडं वळायचं.

सकाळी साडेनऊला पहिला ट्रॅक्टर चढला.
एका हातानं पावती फाडली,
दुसऱ्यानं अठ्ठाविसावी घेतली.
पडद्यावर आकडा थांबला, चार आकडी, पुरा.
ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, किती?
माझ्या तोंडून निघालं,
लाभ.